कुरुळी ते बॅलार्ड पिअर : काटकसरीची वाट

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळीच्या कामगार कुटुंबास जलपर्यटनाला जावयाचे झाल्यास मुंबईच्या धक्क्यापर्यंतचा खर्च आधी योजावा लागतो. खाजगी मोटार भाड्याने घेण्याऐवजी बसने पुणे स्थानक गाठावे. तेथून १९२ किलोमीटरवरील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रेल्वेच्या साध्या वर्गाचे आरक्षण करावे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल धक्क्यालगतच्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून सुटत असे. आज ते स्थानक नाही. मात्र टर्मिनसपासून धक्का जेमतेम दोन किलोमीटर असल्याने मीटरची टॅक्सी परवडते. जहाजाचे प्रवेशद्वार सुटण्याच्या वेळेपूर्वीच बंद होते. गाडीस विलंब झाल्यास वर्षाची बचत बुडते. म्हणून शेवटची नव्हे, तिच्या आधीची गाडी धरणे, हीच खरी काटकसर होय.