दुबळा, अशक्त आणि अबला



संस्कृतातील ‘दुर्बल’ शब्द मराठीच्या तोंडी झिजून ‘दुबळा’ झाला. फारसीच्या वाटेने ‘कमकुवत’ आला आणि त्याच्या शेजारी बसला. कामे मात्र दोघांची निराळी. पाया, पूल, दोर कमकुवत असतो. दुबळा असतो तो माणूस. तापातून उठलेला अशक्त. चार दिवस पोटात अन्न गेले की हा शब्द त्याला सोडून जातो. वस्त्रासाठी तर भाषेने वेगळेच क्रियापद राखले आहे : ते विरते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ज्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, ती जीर्ण झाली आहे. तिला दुबळी कोणी म्हणणार नाही.

खरा घोळ ‘अबला’ या शब्दापाशी आहे. जिच्या ठायी बल नाही, ती अबला. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी स्त्री या शब्दात कशी बसावी? तिला अशक्त म्हणावे, तर विश्रांती हा उपाय येतो. आणि विश्रांती घेतली की खाडा पडतो, मुकादमाच्या उचलीत दंड चढतो. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीला जिल्ह्यातील १३,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील पुष्कळजणींनी चाळिशीही गाठली नव्हती.