कुणाची गाडी गंजते, कुणाची नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की मुदतठेवी, नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांवर बोलतो. त्यावर आपण रोज संध्याकाळी फुकट बोलतोच. आज मी गंजावर बोलणार आहे. आपल्या पार्किंगमध्ये मी परवा मोजल्या, एकतीस चारचाकी उभ्या आहेत. त्यांतल्या नऊ कव्हरखाली आहेत आणि दिवाळीपासून जागच्या हललेल्या नाहीत. विषय मुख्यतः त्या नऊ गाड्यांचा आहे.

नोकरीची तीन वर्षं मी रत्नागिरीत काढली, बाकीची बहुतेक विदर्भात. वाहनकर्ज दिलं की तारण असलेली गाडी अधूनमधून पाहावी लागे. कागदावर सगळ्या गाड्या सारख्या. घसारा धरायचा तो दरवर्षी १५ टक्के, मग गाडी रत्नागिरीची असो की काटोलची. प्रत्यक्षात रत्नागिरीची सहा वर्षांची गाडी खालून पाहिली तर चासीवर पापुद्रे सुटलेले, आणि त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची काटोलची गाडी धुळीने माखलेली, पण पत्रा शाबूत. कंपनी एक, रंग एक, हप्ता एक. मग फरक कशाचा?

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं : समुद्र. पण समुद्र नेमकं काय करतो हे पाहायला हवं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू असे तिघे एकत्र आले की गंज. पाण्याचा थेंब पत्र्यावर बसतो तेव्हा त्याच्या कडेला हवा भरपूर मिळते, मध्यभागी कमी. या फरकामुळे त्या एवढ्याशा थेंबात एक छोटी बॅटरीच तयार होते. मध्यभागी लोखंड विरघळतं आणि भोवती तांबडं कडं उमटतं. पाण्यात मीठ असलं की ही बॅटरी जोरात चालते, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात पाऊस नसतानाही पत्रा ओला राहतो तो त्यामुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो, आपण शिव्या घालतो, पण त्या कोरड्या हवेत पत्र्यावर ओल टिकतच नाही. नागपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक करणारा मी एकटाच असेन बहुधा.

आपली मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे समुद्र नसला तरी हीच कथा. बर्फ वितळावा म्हणून तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट हे मोटारींचं शहर, आणि त्याच शहराच्या पोटात मिठाची भलीमोठी खाण आहे. वर गाड्या करायच्या आणि खालून त्या खाणारं मीठ काढायचं!

आता त्या थेंबाकडे पुन्हा या, कारण सगळी मेख त्यात आहे. जिथे हवा कमी पोचते आणि ओल टिकते, तिथे लोखंड आधी खाल्लं जातं. म्हणून गाडी बोनेटवर गंजत नाही. ती सांदीत गंजते. मडगार्डच्या आतल्या बाजूला, दाराच्या तळाशी, पायदानाच्या पोकळ पट्टीत, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात. आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, एकदा भिजली की आठ-आठ दिवस ओल सोडत नाही. शेतात तो तिचा गुण, मडगार्डमध्ये अवगुण. वर्ध्याकडे शेतावर जाऊन आलेली गाडी वरून चकाचक धुतली आणि मडगार्डच्या आत हात घातला नाही, तर ओला चिखल पत्र्याला पोटीस बांधल्यासारखा चिकटून बसतो.

दुसरा गुन्हेगार आपल्या गेटजवळचा कडुनिंब. झाडावर माझा राग नाही. पण त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीत जातात आणि पाणी निघायची वाट बुजवतात. दारांच्या तळाशीही बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून गळून जावं अशी योजना आहे. ती बुजली की दार म्हणजे टाकी. दार हलवल्यावर आत डुबुक डुबुक आवाज येत असेल तर समजा. झाडूची एक काडी पुरते हो, मेकॅनिक लागत नाही.

"पूर्वीच्या गाड्यांना पत्रा कसा होता बघा!" असं आपल्यापैकी निम्मे तरी म्हणतात. अँबॅसेडर, पद्मिनी यांचा पत्रा जाड होता हे खरं. जाड असल्यामुळे भोक पडायला वेळ लागायचा, गंज लागायचा थांबत नव्हता. आताचा पत्रा पातळ आहे, पण त्यावर पुष्कळदा जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, घरातल्या थोरल्या भावासारखं. शिवाय रंगाआधी अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवतात, तो पोकळ भागांतही पोचतो. कोणत्या मॉडेलमध्ये जस्ताचे पत्रे किती वापरलेत यात फरक असतो, आणि एकाच शहरात दोन कंपन्यांच्या गाड्या वेगळ्या गंजतात त्याचं हे एक कारण. मात्र एकदा ठोकर लागून कोपऱ्यावर पत्रा कापला, जोड मारला, वर पुट्टी आणि रंग फासला, की कारखान्यातलं ते संरक्षण तेवढ्या भागापुरतं संपलं. बँकेच्या यादीवरच्या एका गॅरेजवाल्याने मला शिकवलं होतं, "साहेब, वरून नवरी, खालून चाळणी. चुंबक लावून बघत जा." पत्र्याला चुंबक चिकटतं, जाड पुट्टीवर चिकटत नाही. जुनी गाडी घेताना खिशात चुंबक ठेवायची सवय मला त्याच्यामुळे लागली.

जुन्या गाडीवरून सांगतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, मुंबईकडची गाडी दिवसाभरात नागपुरात. स्वस्त मिळते म्हणून पुष्कळजण आणतात. आणा, पण नंबर बघा. एमएच ०१, ०२, ०३ म्हणजे मुंबई, ०८ म्हणजे रत्नागिरी. अशी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नका. आणि एमएच ३१ किंवा ४९ दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कुणी विसरलेलं नाही. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, तळघरांतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यांतल्या कितीतरी धुऊन-वाळवून पुन्हा रस्त्यावर आल्या. सीट बदलता येतात, पण दारांच्या आणि पायदानांच्या पोटात गेलेला गाळ सहसा कुणी काढत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. सीटखालचे बोल्ट पाहा. चार वर्षांच्या गाडीत ते तांबडे का असावेत?

आता त्या नऊ गाड्या. हप्ते थकले की बँक गाडी ताब्यात घेते आणि आवारात उभी करते. लिलावाला वर्ष-दीड वर्ष लागायचं. तेवढ्यात दोन पावसाळे झाले तर, रोज खड्ड्यांतून पळणाऱ्या टॅक्सीपेक्षा ती उभी गाडी जास्त गंजलेली मिळायची. किंमत निम्म्यावर आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. चालती गाडी भिजते आणि वाळते, वाऱ्याने, इंजिनच्या उष्णतेने. उभी गाडी भिजते आणि भिजलेलीच राहते. त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं की जमिनीतून वर आलेली वाफ आत कोंडते. डिसेंबरातल्या सकाळी कुणाच्याही कव्हरखाली हात घालून बघा, पत्र्याला घाम आलेला असतो. कव्हर घालायचंच तर कापडी, हवा खेळणारं, आणि पावसाळ्यात मधूनमधून काढून.

दर रविवारी खाली येऊन गाडी जागेवरच पाच मिनिटं सुरू करून परत वर जाणारे आपल्यात तीन-चार जण आहेत. भावना चांगली आहे, उपाय उलटा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, पाणी त्यातच साचतं आणि आतून तो खातं. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास, कोराडीच्या देवीपर्यंत जाऊन या. दर्शनही होतं. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून तांबूस थर आला म्हणून मात्र घाबरू नका. ते बिनरंगाचं बीड आहे, दोन ब्रेक मारले की साफ होतं.

एक गोष्ट कमिटीसमोर मुद्दाम मांडतो, कारण गेल्या तीन सर्वसाधारण सभांत ती "पुढच्या वेळी" म्हणून राहिली. बी विंगखालच्या पार्किंगमध्ये छताला लागून गेलेलं ड्रेनेजचं पाइप ठिबकतं. तिथल्या चार गाड्यांचे टप गंजले, म्हणून भांडण चाललंय ते गाड्यांचं. पण त्याच स्लॅबमध्ये लोखंडी सळया आहेत. नव्या काँक्रीटमधला क्षार सळईला जपतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो तसा तो क्षार कमी होतो, आणि मग ओल सळईपर्यंत पोचली की तिथेही गंज. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून खालचं काँक्रीट फुगतं आणि ढपला पडतो. गाडीचा टप बदलता येतो. इमारतीला पंचवीस वर्षं झाली, आणि पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं आपल्या उपविधींतच आहे. पाइपचा खर्च आधी मंजूर करा, समारंभाचा मांडव थोडा लहान चालेल.

आणि शेवटचं, थोडं नाजूक आहे. कव्हरखालच्या नऊ गाड्यांपैकी निदान पाच गाड्या चालवणाऱ्याची दृष्टी तरी गेली आहे, गुडघे तरी, किंवा तो माणूसच. मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला. "दिवाळीला आला की त्याला लागेल" म्हणून गाडी ठेवलेली. तो येतो चार दिवसांसाठी आणि ओलाने फिरतो, कारण बॅटरी उतरलेली असते. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी शेवटचं चालवलेली आहे, विकू कशी?" यावर मी काय बोलणार? मी एवढंच म्हटलं की वहिनी, विकू नका, पण कव्हर काढून दारं उघडून दोन तास ऊन दाखवा, आणि भाच्याला सांगून महिन्यातून दोनदा वर्धा रोडवर फिरवून आणा. त्यांनी तसं केलं. परवा स्वतः मागे बसून रामटेकला जाऊन आल्या.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी टॉर्च, चुंबक आणि झाडूच्या काड्या घेऊन पार्किंगमध्ये असेन. खाली वाकणं मला आता जमत नाही, तेव्हा सी विंगमधली दोन पोरं सोबत घेतली आहेत. ज्यांना गाडी दाखवायची आहे त्यांनी कव्हर आधी काढून ठेवावं. चहा सचिवांकडे.