हातातले भय आणि पडद्यावरचे भय



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. व्हिडिओ गेम हा पोरांचा उद्योग. त्यातून भुताखेतांचा व्हिडिओ गेम म्हणजे रात्री जागवणाऱ्या पोरांचा उद्योग. आणि त्यावरून काढलेला चित्रपट हा विषय या व्यासपीठावर कशासाठी? दोन वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. तथापि कादंबरीचे नाटक होताना काय हरवते, नाटकाचा चित्रपट होताना काय हरवते, यावर आपण तासन्‌तास बोलतो. खेळाचा चित्रपट होताना जे हरवते ते या सर्वांहून निराळे आहे, आणि ते मला माझ्या भाच्यामुळे कळले.

हा भाचा आजारपणानंतर काही दिवस आमच्याकडे राहावयास होता. त्याने ‘सायलेंट हिल’ नावाचा एक जुना जपानी खेळ आणला होता. कोनामी या कंपनीने तो 1999 साली प्लेस्टेशन या यंत्रासाठी काढला. दिग्दर्शक केइचिरो तोयामा. कथा साधी आहे. हॅरी मेसन नावाचा गृहस्थ लहान मुलीला घेऊन मोटारीने एका गावाकडे निघतो, अपघात होतो, आणि शुद्धीवर येऊन पाहतो तो मुलगी शेजारी नाही. गावावर दाट धुके. रस्त्यावर चिटपाखरू नाही. धुक्यात मुलीची आकृती क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. भाच्याने यंत्र माझ्या हाती दिले व म्हणाला, “मामा, तुम्हीच शोधा तिला.”

मी शोधू लागलो. पुढे एका उपाहारगृहात एक मोडका रेडिओ सापडतो. त्याच्यावर स्टेशन लागत नाही. पण एखादे अभद्र जनावर जवळ आले की तो खरखरू लागतो. कोठून येते ते दिसत नाही, कारण धुके आहे. येते आहे एवढे मात्र कळते. तो खरखरला आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटे. भाचा म्हणाला, “मामा, पुढे चला ना.” मी म्हटले, “अरे, पण रेडिओ वाजतोय.” तो म्हणाला, “तो वाजणारच. तुम्ही थांबलात की गोष्टच थांबते.”

मंडळी, आजच्या व्याख्यानाचे बीज या वाक्यात आहे. चित्रपटगृहात आपण डोळे मिटले तरी गोष्ट पुढे जाते. नायिका अंधाऱ्या जिन्यावरून उतरतेच. आपण घाबरलो म्हणून ती थांबत नाही. येथे मात्र जिना मलाच उतरावयाचा असतो. भीती वाटत असताना, ती वाटते हे ठाऊक असताना, अंगठा पुढे दाबणारा मीच असतो.

आपल्याकडे भयानक रसाची चर्चा फार जुनी आहे. अभिनवगुप्ताने त्यासाठी शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरिण मान वळवून पाहत पाहत धावते आहे. ते भय ना त्या हरिणाचे राहते, ना आपले. कोणा एकाचे न उरलेले असे ते भय आपण आस्वादितो. म्हणूनच रसाच्या आड येणारी जी विघ्ने त्याने सांगितली, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे हे एक आहे. आता पाहा, हा खेळ नेमका त्या विघ्नावरच उभारलेला आहे. येथे हरिणाकडे पाहावयाचे नाही, हरिण व्हावयाचे आहे. मग याला रस म्हणावे की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. पण अशा खेळाचा चित्रपट करणाऱ्यापुढे कोणते काम असते ते यावरून स्पष्ट होते. हरिण झालेल्या माणसाला त्याला पुन्हा रथात बसवावयाचे असते, आणि तरीही तो घाबरला पाहिजे.

हे काम करण्याचे प्रयत्न बरेच झाले. त्यांत एक गमतीची गोष्ट अशी, की या खेळांची वंशावळ मुळात चित्रपटापासूनच निघते. 1989 साली कियोशी कुरोसावा यांचा ‘स्वीट होम’ हा झपाटलेल्या वाड्याचा चित्रपट जपानात आला. त्याच नावाचा खेळ त्याच वर्षी कॅपकॉम कंपनीने काढला. त्या खेळाची नवी आवृत्ती करावी म्हणून हाती घेतलेले काम वाढत वाढत 1996 साली ‘रेसिडेंट ईव्हिल’ होऊन बाहेर पडले. शिन्जी मिकामी त्याचे दिग्दर्शक. त्यात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात उंचावर बसवल्यासारखा असतो. आपण चालतो, पण वळणापलीकडचे दिसत नाही, नुसती पावले ऐकू येतात. ही युक्ती उघडच चित्रपटाची. परंतु त्या जोडीला खेळाने स्वतःचे असे एक काटकसरीचे भय आणले. गोळ्या मोजक्या, औषधे मोजकी. आणि झालेल्या प्रगतीची नोंद करावयाची तर टंकलेखनयंत्र गाठले पाहिजे आणि त्यासाठी लागणारी शाईची फीतसुद्धा मोजकीच. महिनाअखेरीस डब्यातले तांदूळ पाहणाऱ्या गृहिणीला हे भय समजावून सांगावे लागणार नाही.

2002 साली पॉल अँडरसन यांनी त्याचा चित्रपट केला. त्याआधी जॉर्ज रोमेरो यांनी, म्हणजे जिवंत प्रेतांच्या चित्रपटांचे जे आद्य पुरुष त्यांनीच, एक पटकथा लिहिली होती. ती खेळाच्या बरीच जवळ होती असे म्हणतात. ती स्वीकारली गेली नाही. अँडरसन यांनी खेळात नसलेली ॲलिस ही नायिका निर्माण केली व वाडा सोडून भुयारातील प्रयोगशाळेत सारी मंडळी नेली. चित्रपट चालला, त्याचे पुढचे भागही निघाले. मात्र गोळ्या किती उरल्या, ही चिंता त्यात कोणाला फारशी पडलेली दिसत नाही. हा चपळाईचा चित्रपट आहे, भयाचा नव्हे. त्यात माणसांचे तुकडे करणाऱ्या प्रकाशकिरणांचा एक बोळ आहे. तो मूळ खेळात नव्हता, पण 2005 सालच्या चौथ्या खेळात तसा बोळ आला. लेकीचे दागिने आईने घालावेत तसा हा प्रकार!

याहून विचार करावयास लावणारे उदाहरण म्हणजे ‘सायलेंट हिल’चाच 2006 सालचा चित्रपट. क्रिस्तोफ गान्स हे फ्रेंच दिग्दर्शक या खेळाचे निस्सीम भक्त. हक्क मिळावेत म्हणून त्यांनी अर्ध्या तासाहून मोठी एक चित्रफीत तयार करून जपानला धाडली व हा खेळ आपल्याला काय वाटतो ते तीत सांगितले. पटकथा रॉजर ॲव्हरी यांची. गावासाठी त्यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातले सेंट्रालिया हे खरेखुरे गाव डोळ्यांपुढे ठेवले; तेथील जमिनीखालच्या कोळशाला 1962 साली आग लागली आणि ती अजून विझलेली नाही. म्हणून चित्रपटात आकाशातून राख पडत राहते. अकिरा यामाओका यांचे खेळातले संगीतही त्यांनी चित्रपटात आणले. भक्ती म्हणतात ती याहून काय निराळी असते?

आणि तरीही! खेळाच्या आरंभी एक बोळ येतो. मुलीच्या मागे आपण त्यात शिरतो, कॅमेरा वाकडातिकडा होतो, भोंगा वाजतो, काळोख दाटतो, आणि चाकू घेतलेली लहान मुलांसारखी आकृतींची झुंड अंगावर येते. आपल्याजवळ हत्यार नाही. मागे पळावे तर वाट राहिलेली नाही. आपण सगळी बटणे दाबून पाहतो, आणि शेवटी मरतो. मग कळते की मरणेच ठरलेले होते. नायक एका उपाहारगृहात जागा होतो. गान्स यांनी हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा चित्रित केला आहे. तोच भोंगा, तोच काळोख, कॅमेऱ्याच्या चालीसुद्धा त्याच. पाहताना डोळे खिळतात. पण मला त्यात माझी व्यर्थ गेलेली बोटे सापडेनात. खेळात त्या क्षणाचा अर्थ “माझा काहीच इलाज चालत नाही” असा होता. चित्रपटात तो “तिच्यावर संकट आले” एवढाच उरतो. अक्षर न अक्षर उतरवून घेतले आणि अर्थ मागे राहिला.

उलट, जेथे गान्स यांनी मूळ सोडले तेथे ते अधिक जवळ पोहोचले, असे माझे मत आहे. त्यांनी बापाच्या जागी आई आणली. हॅरीचे वागणे आईचेच आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे पटकथेत पुरुषच नाहीत असा आक्षेप निर्मात्यांकडून आला, म्हणून आईच्या शोधात निघालेल्या नवऱ्याचे उपकथानक घातले गेले. हे ठिगळ आहे. दर वेळी आपण धुक्यातून बाहेरच्या नेहमीच्या जगात येतो आणि कोंडलेपणा फुटतो. पण त्याच ठिगळात एक अतिशय सुंदर जागा आहे. नवरा ओसाड शाळेतून चालला आहे, बायको त्याच शाळेतून धावते आहे, पण दोघांची जगे निराळी. तो एकदम थांबतो. त्याला तिच्या अत्तराचा वास आला आहे. हे खेळात नाही. परंतु धुक्यात कोणी दिसत नसताना रेडिओ खरखरतो, त्याचेच हे चित्रपटाच्या भाषेतले रूप आहे. याला मी रूपांतर म्हणतो.

धुक्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. खेळातले धुके ही मुळात अडचणीतून काढलेली वाट होती. त्या वेळच्या यंत्राला दूरवरचे गाव एकदम रेखाटण्याची ताकद नव्हती. म्हणून करणाऱ्यांनी गावावर धुके आणि काळोख पसरला, आणि जे यंत्राला दाखवता येत नव्हते तेच भयाचे घर झाले. चित्रपटाला ही अडचण नव्हती. त्याला सगळे दाखवता येत होते, आणि उत्तरार्धात त्याने ते दाखवले. एवढेच नव्हे, गावावर शाप का आला याची सारी हकीकत एक पात्र नायिकेला सविस्तर कथन करते. खेळात हीच कथा फाटक्या कागदांतून, अर्धवट बोलण्यातून गोळा करावी लागते. चित्रपटाला वाटले, प्रेक्षकाचे पैसे घेतले आहेत तर त्याला हिशेब दिला पाहिजे. भयाच्या व्यवहारात हिशेब देऊ नये.

या चित्रपटात डोक्यावर प्रचंड लोखंडी त्रिकोण घातलेला एक जल्लाद आहे. तो मूळचा दुसऱ्या खेळातला, 2001 सालच्या. तेथे जेम्स नावाच्या माणसाला तीन वर्षांपूर्वी मेलेल्या बायकोचे पत्र येते व तो गावात जातो. पुढे उलगडते की तिला त्यानेच मारले आहे. आणि तो जल्लाद म्हणजे त्याने स्वतःसाठी मागून घेतलेली शिक्षा आहे. दुसऱ्या कोणाच्या कथेत त्याला कामच नाही. पण दिसावयास भव्य, म्हणून निरपराध आईच्या कथेत त्याला उभे केले, आणि तो नुसता राक्षस झाला. या दुसऱ्या खेळावर पुढे गान्स यांनी चित्रपट केला आहेच. त्यासाठी आणखी एक सायंकाळ लागेल.

अलीकडच्यांपैकी ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’चा उल्लेख करून पुढे जातो. स्कॉट कॉथन यांचा हा 2014 सालचा खेळ. रात्रीच्या पहारेकऱ्याने खुर्चीत बसून बारा ते सहा पडद्यांवर लक्ष ठेवावयाचे; दारे लावली, दिवा लावला की वीज खर्च होते, आणि वीज मोजकी. वीज संपली की संपले. एमा टॅमी यांचा 2023 सालचा चित्रपट या पहारेकऱ्याला हरवलेल्या भावाचे दुःख देतो. मुलांनी तो डोक्यावर घेतला, पैसाही अमाप मिळाला. बाहुली-यंत्रे फार सुरेख बनवली आहेत. विजेचा हिशेब मात्र बाजूस पडला, आणि त्याबरोबर मध्यरात्रीनंतरचे ते सहा तासही.

आता दुसऱ्या ‘सायलेंट हिल’कडे परत येतो, कारण माझी खरी गोष्ट तेथे आहे. या खेळाला शेवट एक नाही, अनेक आहेत. आणि कोणता मिळावा हे कोठेही विचारले जात नाही. खेळणारा कसा वागला हे खेळ गुपचूप पाहत असतो. बायकोचा फोटो पुनःपुन्हा काढून पाहिला का, सोबतच्या बाईची काळजी घेतली का, जखमा झाल्यावर स्वतःला जपले का. हे चित्रपट कसे करणार? तो आपल्याला दाखवतो. आपल्याला पाहत नाही. तिसऱ्या रांगेत बसलेला कोण, कसा, याची त्याला वार्ता नसते.

मी तो खेळ पावसाळाभर खेळलो. भाचा आपल्या गावी परतला होता. रविवारी फोनवर विचारीत असे. गणपतीच्या सुमारास मी शेवटाला पोचलो. माझा जेम्स जगला नाही; तो मोटारीसह तळ्यात शिरला. मला फार वाईट वाटले. भाच्याला सांगितले तर तो गप्प राहिला, आणि मग म्हणाला, “मामा, तुम्ही सारा वेळ जखमी हिंडत होतात का?”

मी म्हटले, “हो. औषधे पुढे लागतील म्हणून ठेवत होतो.”

“खेळाला वाटलं, ह्या माणसाला जगायचंच नाही.”

मी नुसती काटकसर करीत होतो हो. आमच्या घरात दुसरे काही शिकवले नव्हते. दिवाळीत तो आला तेव्हा त्याने शेवटची नोंद उघडून माझ्या झोळीतली औषधे मोजली. सव्वीस निघाली.