वाकड्या विहिरीतला व्हॉल्व्ह
(कामगार शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तेलाच्या विहिरीचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांसमोर काळे कारंजे उभे राहते. आम्ही इतकी वर्षे समुद्रात काढली, ते कारंजे कधी पाहिले नाही. ते दिसू नये यासाठीच आम्हाला पगार मिळतो. आम्ही वायरलाईनवाले. ड्रमवर गुंडाळलेली, सायकलच्या स्पोकहून जरा जाड अशी गुळगुळीत पोलादी तार, तिच्या टोकाला माणसाच्या उंचीपेक्षा लांब हत्यारांची माळ, आणि वर सांभाळणारे आम्ही तिघे-चौघे. गँगमन जसा हातोड्याच्या आवाजावरून रूळ ओळखतो, तसे आम्ही तारेच्या ताणावरून दोन हजार मीटर खाली काय चालले आहे ते ओळखतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मुंबई हायचे तेल १९७४ साली सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर भर समुद्रात. तिथे प्रत्येक विहिरीसाठी वेगळा प्लॅटफॉर्म उभारणे परवडत नाही. म्हणून एकाच प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी खोदतात आणि खाली गेल्यावर त्या चहूकडे वळवतात. जंक्शनातून निघालेले फाटेच समजा. काही विहिरी उभ्या रेषेपासून पन्नास-साठ अंश कलतात, काही त्याहून जास्त.

सुरुवातीला तेल आपल्या जोराने वर येते. पुढे जमिनीतला दाब उतरला की तेलाला स्वतःचेच वजन पेलवत नाही. मग गॅस लिफ्ट. बाहेरचा मोठा पाईप आणि आतली तेलाची नळी यांच्या मधल्या पोकळीत वरून दाबाचा गॅस सोडायचा. तो व्हॉल्व्हमधून नळीत शिरतो, तेलात मिसळून त्याला हलके करतो आणि तेल वर चढते. हे व्हॉल्व्ह मनगटाहून बारीक आणि हातभर लांब असतात. ते नळीच्या मधोमध बसवले तर वाटच बंद होईल. म्हणून नळीच्या बाजूला एक खण वेल्ड केलेला असतो आणि व्हॉल्व्ह त्या खणात बसतो. आर.एम.एस.मधल्या मित्रांनो, तुमच्या सॉर्टिंग केसचाच हा एक खण. फरक एवढाच की तुम्ही उजेडात, उभे राहून पत्र टाकता.

व्हॉल्व्ह बिघडतो. त्याच्या आतला भाता फुटतो, वाळूने सीट कापली जाते. मग गॅस वरच्या वरच आत शिरतो, खालच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. विहीर गॅस पिते आणि तेल देत नाही. सगळी नळी बाहेर काढून दुरुस्ती करायची तर मोठी रिग आणि बरेच दिवस लागतात. तारेने हेच काम एक-दोन दिवसांत होते, म्हणून आमची किंमत. म्हणूनच घाईही आमच्याच वाट्याला.

उभ्या विहिरीत माळ सरळ लोंबकळते. कललेल्या विहिरीत ती नळीच्या खालच्या अंगाला घासत जाते. नळीचे सांधे आवळताना खण कोणत्या बाजूला गेला ते वरून सांगता येत नाही. तो वरच्या अंगाला असेल तर हत्यार त्याच्या शेजारून नुसते निघून जाते. यावरची युक्ती रेल्वेवाल्यांना लगेच कळेल. खणाच्या वरच्या भागात नळीच्या आत एक तिरपी कड असते आणि तिच्या शेवटी उभी खाच. आम्ही किकओव्हर टूल आधी खणाच्या खाली नेतो आणि मग सावकाश वर ओढतो. टूलचे बोट त्या तिरप्या कडेवर चढते, अख्खी माळ फिरते आणि बोट खाचेत अडकते. काट्यावर ताण वाढलेला दिसतो. आणखी थोडे ओढले की टूलचा हात खटकन बाहेर येतो, तो नेमका खणाच्या दिशेने. सांधा बदलला. आता खाली सोडायचे. हाताला असलेली पकड जुन्या व्हॉल्व्हचे डोके धरते, मग जारने वर ठोके देऊन तो उपटायचा. नवा व्हॉल्व्ह याच रीतीने नेऊन खाली ठोकत बसवायचा. टूल वर आल्यावर तुटलेली पिन पाहायची. काम झाले की नाही याची खूण तीच.

त्याआधी दोन गोष्टी चुकवायच्या नाहीत. खाली अडकण घालून ठेवायची, नाहीतर निसटलेला व्हॉल्व्ह तळाला. आणि नळीच्या आत-बाहेर दाब सारखा करायचा. तो सारखा नसेल तर व्हॉल्व्ह सुटताच माळ वर उडते आणि नळीत तारेचा गुंता होतो.

कल साधारण ६५ अंशांच्या पुढे गेला की वजनाने माळ खाली जाईनाशी होते. चाके लावलेले वजन वापरून आणखी थोडे रेटता येते. पण ठोक्याचा जोर घर्षणातच जिरतो. उभ्या विहिरीत दहा ठोक्यांत निघणारा व्हॉल्व्ह इथे शंभरात निघत नाही. आणि दर ठोक्याला तारेचा तोच तो भाग पुलीवर वाकतो, सरळ होतो, वाकतो.

आमचे दुखणे इथेच आहे. नियम असा की प्रत्येक कामाआधी तारेचे टोक कापून टाकायचे आणि वीतभर तुकडा पिळून तो किती वेढ्यांत तुटतो ते मोजायचे. लवकर तुटला तर तार थकली. एका कामावर आम्ही आदल्या पाळीपासून ठोकत होतो. चौघांच्या जागी कंत्राटदाराने तिघेच दिले होते, त्यातला एक पोरगा पहिल्यांदाच समुद्रात आलेला. वर येऊन तार कापू, असे आम्ही म्हटले. हेलिकॉप्टर दुपारी येणार, त्याआधी व्हॉल्व्ह हवा, असे उत्तर मिळाले. आम्ही ठोकत राहिलो. आमची चूक तीच, ती लपवत नाही. तार पुलीपाशी तुटली. वरचे टोक चाबकासारखे फिरले आणि त्या पोराच्या हेल्मेटला चाटून गेले. खालची तार माळेसकट विहिरीत. ती काढायला नऊ दिवस लागले.

अहवालात लिहिले होते, ‘ऑपरेटरची चूक’. तार शेवटची कधी कापली याची नोंद मागितली, तर ते रजिस्टरच नव्हते.

पाळी बदलताना काय सांगितले आणि काय राहिले, यावर माणसे मरतात. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता. उघड्या तोंडाला नुसती झाकणपट्टी होती. रात्रपाळीला ते कळले नाही, त्यांनी पंप सुरू केला. १६७ माणसे गेली. एकेरी मार्गावर टोकन हाती आल्याशिवाय तुमचा ड्रायव्हर गाडी हलवत नसे. आमच्याकडे टोकन म्हणजे परमिटचा कागद, आणि तो बरेचदा ज्याने काम केले त्याच्याऐवजी दुसऱ्यानेच भरलेला असतो.

त्या कामानंतर आम्ही स्वतःची वही ठेवली. तार किती मीटर कापली, किती वेढ्यांत तुटली, किती ठोके दिले, कोणाच्या पाळीत; खाली दोघांच्या सह्या. पहिल्या वर्षी ती कोणी मानली नाही. दुसऱ्या वर्षी चौथ्या माणसाची मागणी घेऊन गेलो तेव्हा टेबलावर तीच ठेवली. चौथा माणूस मिळाला, पण फक्त साठ अंशांवरच्या विहिरींसाठी. बाकीच्यांचे बोलणे चालू आहे. वही दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरच्या पोरांनीही सुरू केली आहे.

त्या तुटलेल्या तारेचे वरचे टोक सोबत आणले आहे. पुढच्या रांगेपासून फिरवतो. कड जपून धरा, हाताला लागते.