ज्येष्ठ नागरिकांच्या अपेक्षा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही वक्ते नाही आणि समाजशास्त्राचे अभ्यासकही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. पण बँकेच्या खिडकीसमोर म्हातारपण रोज रांगेत उभे राहते. ते पाहत आमची वीस-बावीस वर्षे गेली. तेवढ्याच अधिकाराने बोलतो आहोत.

भाषणाच्या तयारीसाठी आम्ही विहारात येणाऱ्या आणि सकाळी तळ्याकडे फिरायला जाणाऱ्या दहा-बारा ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारला, “आपल्या गावाकडून तुम्हाला काय पाहिजे?” आम्हाला वाटले होते की मोठमोठ्या मागण्या पुढे येतील. तसे काही झाले नाही. एक बाबा म्हणाले, “स्टेशनपासून गावात चालत येताना मध्ये टेकायला दोन बाक हवेत.” एक मावशी आधी लाजल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “बाजारात बायकांसाठी स्वच्छ मुतारी पाहिजे. ती नाही म्हणून बाजाराच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही.” कोणी गल्लीतल्या बंद दिव्याचे सांगितले, कोणी गुडघाभर उंच फुटपाथचे. एका आजोबांचे म्हणणे असे, “ऑफिसात गेलो तर कोणी खुर्ची दिली नाही तरी चालेल, पण ‘उद्या या’ म्हणू नका.”

शेवटचे वाक्य आमच्या वर्मी लागले. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याचे दिवस, बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. एक आजी आल्या. पतीच्या माघारी मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर त्यांचे घर चालत होते. यंत्रावर अंगठा ठेवला, जुळला नाही. दुसरा ठेवला, तोही नाही. जन्मभर भांडी घासून, विटा उचलून बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. मागे रांग खोळंबली होती. आम्ही मान वर न करता म्हणालो, “आजी, उद्या या.” त्या म्हणाल्या, “उद्या आले तर बोटं बदलतील का रे बाबा?” आणि निघून गेल्या.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी परिपत्रकांची फाईल काढली. अंगठा जुळला नाही तर माणूस समोर पाहून कागदी दाखला भरून घेता येतो, हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. नियम होता, फक्त आम्ही तो वाचला नव्हता. आजी तिसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा त्यांचा दाखला पाच मिनिटांत झाला. पण त्यांचे दोन हेलपाटे, रिक्षाचे पैसे आणि तो प्रश्न आम्ही परत करू शकलो नाही.

बंधू-भगिनींनो, सोय कागदावर असणे आणि ती माणसाच्या हाती लागणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. पण ठराव दप्तरात राहिला आणि माणसे तहानलेलीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. पुढे तो हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले.

अस्पृश्यतेचे दुःख आणि बाक नसल्याचे दुःख आम्ही एका तराजूत तोलत नाही. तो अपराध आमच्या हातून घडू नये. पण महाडची शिकवण इथेही लागू पडते. सार्वजनिक सोय ही कोणाची मेहेरबानी नसते. आणि ठरावापर्यंत कोणीतरी चालत गेल्याशिवाय ती आपल्या दारी येत नाही. ज्या तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे, त्या गावात तरी आपण हे विसरता कामा नये.

आता कागदावर काय काय आहे ते पाहू.

पहिले आमच्याच घरचे. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितले आहे की ज्येष्ठांना वेगळी खिडकी किंवा रांगेत अग्रक्रम द्यावा आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याचा प्रयत्न करावा. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. अंगठा जुळत नसेल तर २०२१ पासून चेहऱ्यावरूनही तो मोबाईलवर करता येतो.

दुसरे, २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असलेल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील लागत नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. याच कायद्याच्या विसाव्या कलमात ज्येष्ठांसाठी दवाखान्यात वेगळी रांग सांगितली आहे.

तिसरे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढे, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे.

चौथे, आपली नगरपरिषद. रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, सार्वजनिक सोयी आणि बागा ही नगरपालिकांची कामे म्हणून १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत लिहिली आहेत. म्हणजे बाबांचा बाक आणि मावशींची मुतारी यांची नोंद थेट घटनेपर्यंत गेली आहे! फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या दप्तरातली फूटपट्टी तेवढ्या मापाला पुरेशी आहे.

सगळेच गोड आहे असेही आम्ही म्हणणार नाही. रेल्वेच्या तिकिटातली ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाली. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले खरे, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिना १,७५० रुपयांत कोणते कुटुंब जगते, हे कोणी आम्हाला सांगावे. इथे नुसती अंमलबजावणी पुरे नाही. नियमच बदलावा अशी मागणी संघटितपणे करावी लागेल.

मग आपण काय करायचे? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवतो.

एक, महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात दोन तास टेबल मांडावे. शिकलेल्या मुलामुलींनी ज्येष्ठांचे अर्ज भरून द्यावेत, दाखले करून द्यावेत. श्रावणबाळच्या कामासाठी वडगावला तहसील कचेरीत जावे लागते, तेव्हा सोबतीला एक जण द्यावा. आम्ही स्वतः त्या टेबलावर बसू.

दोन, विद्यार्थ्यांनी वही घेऊन स्टेशन ते गाव हा रस्ता एखाद्या ज्येष्ठाच्या सोबतीने, त्याच्या चालीने चालावा. दिवा कुठे बंद, फुटपाथ कुठे उंच, बाक कुठे हवा, हे लिहून घ्यावे. तरुण पायांना जे दिसत नाही ते त्या चालीने दिसेल.

तीन, ती यादी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. कारकून म्हणून हा आमचा अनुभवाचा सल्ला समजा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच असलेला अर्ज टेबलावरून उठत नाही.

आणि जे आमच्यासारखे खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात, मग ते बँकेत असोत, टपालात असोत वा कचेरीत, त्यांना हात जोडून एक विनंती. ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी एकदा फाईल उघडा आणि एकदा मान वर करा. समोरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ सगळ्यात कमी जर काही उरले असेल, तर ते उद्याच असतात.



जयभीम!