तिची मीटिंग

वस्तीत बाया विचारतात, "ताई, ह्यांची दारू सोडवायला कुठं नेऊ?" मी विचारते, तू कुठं जाणार? अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, ती पिणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी अल्-अनॉन, १९५१ पासून. दोन्हीकडे फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. तो येवो न येवो, तिला जाता येतं.

जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात मीटिंगचा वार आणि जागा विचारा. पुण्यात मुक्तांगण आहे. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जा. बाई स्वतः पीत असेल तर बायकांची वेगळी मीटिंग शोधा. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती काय बोलणार?

व्यसन हा आजार आहे, असं तिथं सांगतात. मान्य. मारहाण मात्र आजार नव्हे. नवरा मीटिंगला जात असला तरी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं.