लायकी आधी की हक्क आधी? लोकहितवादी आणि जोतीराव फुले

(जालना येथील सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





आजचा विषय एकोणिसाव्या शतकातल्या दोन मराठी लेखकांचा आहे. प्रश्न मात्र आपल्या ग्रामपंचायतीतला आहे: कारभारात बोलायचा अधिकार कोणाचा?

गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांनी १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात शंभरावर पत्रे लिहिली. काँग्रेस स्थापन व्हायला अजून पस्तीस वर्षे होती, तेव्हा या माणसाने हिंदुस्थानात पार्लमेंट असावे असे लिहिले. स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांच्या आळसावर आणि जातीच्या अहंकारावर त्यांनी सडकून टीका केली. हे धाडस लहान नव्हते.

त्याच १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात जिचा उल्लेख आहे, ती फातिमा या कामातली सोबतीण. तिचे नाव आपल्या मुलींना माहीत असलेच पाहिजे.

दोघांच्याही लिखाणात अमेरिका येते. लोकहितवादी म्हणतात, आपले लोक शहाणे झाले की हक्क मागतील, आणि ते मिळाले नाहीत तर अमेरिकेत झाले तसे इथेही होईल. म्हणजे इंग्रजांना जावे लागेल. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून.

फरक बघा. एकाला राजापासून सुटलेली अमेरिका दिसली, दुसऱ्याला मालकापासून सुटलेला गुलाम दिसला. या दोन सुटकांमध्ये जवळजवळ नव्वद वर्षांचे अंतर आहे. १७७६ ला देश स्वतंत्र झाला, गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ ला. मधल्या काळात देश स्वतंत्र होता आणि त्यातली लाखो माणसे विकली जात होती. फुल्यांना हीच भीती होती: गोरा साहेब जाईल, पण गावातला मालक तोच राहील.

लोकहितवादींचा क्रम आधी शहाणपण, मग राज्य असा होता. तो वरवर बरोबर वाटतो. पण शहाणे झालो की नाही, हे ठरवणार कोण? १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी सांगितले की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींची मुले. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ज्याला शाळेबाहेर ठेवले, त्यालाच अडाणी म्हणून कारभाराबाहेर ठेवायचे, हा न्याय नव्हे.

आपला जालना तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपले आजोबा-पणजोबा रयत होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी मत टाकले, तेव्हा देशात साक्षर माणसे शंभरात अठराच्या आसपास होती. घटनेने मतदाराला शाळेचा दाखला विचारला नाही. तिथे फुल्यांची बाजू जिंकली.

पण वाद संपलेला नाही. २०१५ मध्ये हरियाणात पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. आपल्याकडेही बोलणे तेच असते. सरपंचबाईंच्या खुर्चीवर पती बसतो आणि गाव म्हणते, "तिला काय कळतंय?" मोहल्ल्यातली बाई बोलायला उठली की आपलीच माणसे म्हणतात, "पहले पढ़-लिख लो." दुसऱ्याने आपल्याला नालायक ठरवले की आपण चिडतो, आणि घरात आपण तेच करतो.

शिक्षण हवेच. माझी सगळी धडपड त्यासाठी आहे. पण शिक्षण हा हक्क आहे, ती हक्क मिळवण्याची परीक्षा नाही.

म्हणून एकच मागणे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे आपला कायदा सांगतो. आपल्या गावात ती खरोखर होते, की नुसत्या सह्या गोळा होतात, ते विचारा. भगिनींनो, तुम्हीच विचारा. आणि बंधूंनो, त्या विचारतील तेव्हा मध्ये बोलू नका.